मेसबाईंची तपकिरी

मेसबाईंना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्यांचा जावई पाय मोडून घरी बसला होता.

जावई रंगारी. एका दातांच्या दवाखान्यात जिन्याच्या छताला रंग देताना शिडी सरकली, आणि तो ब्रशसकट खाली आला. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर पडलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी ताकीद मिळाली. बायको शहरातली बस चालवायची, सकाळच्या पाळीला. ती उजाडायच्या आत बाहेर पडायची आणि हा दिवसभर भिंतींकडे बघत बसायचा. कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटलेत हे दिसायचं, आणि उठून काही करता यायचं नाही.

दवाखान्यातून मेसबाईंना घरी सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "यांना एकटं ठेवून चालणार नाही. घरात सतत माणूस हवं."

"माणूस आहे की," बायको म्हणाली. "नुसतं बसूनच आहे."

अशा रीतीने मेसबाई लेकीच्या घरी आल्या. त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, याचा डावा पाय प्लास्टरात. "घरात माणसं दोन आणि दोघांत मिळून पाय दोन," रंगारी फोनवर सगळ्यांना सांगायचा. हसायचा, पण मनातून त्याला धडकी भरली होती. कारण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासूबाईंशी तो कधी धड चार वाक्यं बोललेला नव्हता.

भांडण कसलंच नव्हतं. उलट मेसबाईंनी त्याला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. पण "अहो जावईबापू, आपण बाहेर बसा, इथं धूर आहे," हे वाक्य त्याने त्यांच्या घरी पाऊल टाकलं की ऐकलं नाही असं कधी झालं नाही. बाईंनी सगळं आयुष्य मुलींच्या वसतिगृहाची मेस सांभाळली. मोठमोठी पातेली, ढीगभर बटाटे, घंटा वाजली की रांगेत येणाऱ्या मुली. त्यामुळे नाव पडलं मेसबाई, आणि निवृत्तीनंतरही तेच राहिलं. स्वयंपाकघरात त्यांना दुसरं माणूस खपत नसे. पोटच्या लेकीलाही, "तू अभ्यास कर," म्हणून बाहेर पिटाळायच्या. मग जावयाची काय कथा! त्याला पोटभर, आग्रहाने वाढलं जायचं. पण जेवायचं बाहेरच्या खोलीत, पाहुण्यासारखं, पाठ ताठ ठेवून.

आता त्या बाई त्याच्यासमोर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. त्यांना कळत सगळं होतं, फक्त शब्द निघत नव्हता. घशातून नुसता घोगरा आवाज यायचा, आणि तो ऐकून त्या स्वतःच दचकायच्या.

पण बोलण्यापेक्षा मोठी पंचाईत होती ती गिळण्याची. झटक्याने घशाचे स्नायू ढिले पडले होते. पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जायचा, मग ठसका, मग छातीत कफ. यासाठी एक तरुण बाई घरी येऊन गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम घ्यायची. हसतमुख, पाठीवर मोठी पिशवी, केसांना पेन खोचलेलं. रंगाऱ्याच्या बायकोने पहिल्याच दिवशी तिचं नाव गिळताई ठेवलं, आणि तिलाही ते आवडलं.

गिळताईने नीट समजावलं. "पातळ काही नको आणि कोरडं, भुगा होणारं काही नको. घट्ट आणि गुळगुळीत पाहिजे. चमचा तिरका केला की एकदम सांडायचं नाही आणि चिकटूनही राहायचं नाही. सावकाश घसरलं पाहिजे. मग ते घशातून हळूहळू जातं आणि घशाला दार लावायला वेळ मिळतो."

यासाठी एक पांढरी पावडर मिळायची. ती पाण्यात, सूपमध्ये, चहात घातली की सगळ्याचा लगदा व्हायचा. लेकीने पहिला चमचा तोंडाशी नेला. मेसबाईंनी तो तोंडात घेतला, क्षणभर ठेवला, आणि सरळ गळ्याखालच्या फडक्यावर परत केला. दुसरा चमचा आला तेव्हा ओठ मिटले ते मिटलेच.

"आई, औषध समजून घे ना गं," लेक म्हणाली.

मेसबाईंनी मान फिरवली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी चव घेतलेली जीभ. तिला चहाचा लगदा मानवेना.

दिवस गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. गालफडं बसली, मनगटातलं कडं कोपराकडे सरकू लागलं. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळेपर्यंत खाणं वाढलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. मला हौस नाही, पण उपाशी कसं ठेवायचं?"

त्या संध्याकाळी बायको न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. पाण्याच्या आवाजात ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं. रंगाऱ्याला बाहेर सगळं ऐकू आलं, आणि मेसबाईंनाही. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

पुढं जे झालं ते निव्वळ वेंधळेपणातून झालं.

एका सकाळी त्याने स्वतःसाठी दूध तापत ठेवलं. गॅस बारीक केला, आणि तेवढ्यात मुकादमाचा फोन आला. कुठलंसं हॉटेल रंगवायचं काम निघालं होतं. पाय कधी बरा होणार, आत कुठला रंग बरा दिसेल, असं बोलता बोलता दुधाचं पार विसरलं. वास आला तेव्हा कुबड्या घेऊन तो लंगडत आत गेला. दूध उतू गेलं नव्हतं, पण आटून निम्म्याच्या खाली आलं होतं. पिवळसर, दाट, कडेला सायीचे थर. त्याने पातेलं उचललं आणि मोरीकडे वळला.

बाहेरून आवाज आला. ठक ठक ठक ठक.

तो तसाच बाहेर डोकावला. मेसबाई डाव्या हातातल्या चमच्याने खुर्चीच्या दांड्यावर ठोकत होत्या. डोळे मोठे झाले होते आणि नजर पातेल्यावर होती.

"काय झालं, आई? भाजलं नाही मला. दूध आटलंय. टाकतो."

ठक ठक ठक! मान जोरजोरात नाही नाही म्हणत होती.

त्याने पातेलं खाली ठेवलं, एका कुबडीवर तोल सांभाळत खुर्ची ढकलली आणि स्वयंपाकघराच्या दारात आणून उभी केली. आत तो आणि उंबऱ्याबाहेर त्या, असं आजवर कधी घडलं नव्हतं. ते दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण मेसबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा शेगडीकडे बघून मोठा सुस्कारा सोडला.

मग त्यांनी चमच्याने साखरेच्या डब्याकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. त्याने साखर घातली. चमचा पुन्हा फळीकडे गेला.

"मीठ?"

नाही.

"चहा?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. कोणाच्या गळ्यात बांधली मी माझी पोर, एवढं त्या मिटलेल्या डोळ्यांत स्वच्छ वाचता येत होतं.

त्याने एकेक बरणी उचलून दाखवायला सुरुवात केली. शेवटी भांडी घासायला ठेवलेली खाण्याच्या सोड्याची पुडी हातात आली तेव्हा त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"सोडा? दुधात?" त्याने चमचा भरून घेतला. लगेच दांड्यावर अशी ठोकाठोक झाली की शेजारचे धावत यावेत. त्याने चमचा रिकामा केला, चिमूट घेतली, त्यांना दाखवली. मान हलली. चिमूट दुधात पडली आणि दूध फसफसून वर आलं, पातेल्याबाहेर गेलं, शेगडीवर सांडलं. तो फुंकर मारत, कुबडी सावरत, "अरे अरे अरे" करत राहिला.

त्या दिवशी त्याने आच मोठी ठेवली, मध्येच ढवळायचं सोडलं, आणि दूध खाली लागलं. लागलेलं त्याने खरवडून वरच्यात मिसळलं. मेसबाईंनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. खाण्याजोगं ते नव्हतंच. पण दुपारी बायको पाळी संपवून आली ती जिन्यातच थबकली. दार ढकलून आत आली तेव्हा गणवेशाची टोपीही काढायचं भान नव्हतं.

"कोणी केली तपकिरी?"

"काय केली?"

"तपकिरी! आईची! तिचाच वास आहे हा." मग तिने सांगितलं. वसतिगृहात संध्याकाळचं दूध उरायचं. मुली दुधाला नाकं मुरडायच्या आणि दूध ओतून देणं मेसबाईंच्या जिवावर यायचं. म्हणून त्या ते साखर घालून आटवायच्या, इतकं की रंग मातकट तपकिरी व्हायचा आणि चाकूने पावावर पसरवता यायचं. मुलींनीच नाव ठेवलं तपकिरी. दूध न पिणाऱ्या मुली पावाला तपकिरी लावायला मिळावी म्हणून रांगेत भांडायच्या. "मी झाकण चाटायचे," बायको म्हणाली. "पण कशी करतात ते आईने कधी बघू दिलं नाही."

रंगारी सासूकडे बघत राहिला. घट्ट आणि गुळगुळीत. चमच्यावरून सावकाश घसरणारं. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"उद्या येताना सायीचं दूध आण," तो बायकोला म्हणाला. "भरपूर आण."

मग रोज सकाळी स्वयंपाकघरात शाळा भरू लागली. विद्यार्थी उंच स्टुलावर, प्लास्टरचा पाय रंगाच्या उलट्या डब्यावर. मास्तरीण दारात, हातात चमचा. एक ठोका म्हणजे ढवळ, दोन म्हणजे आच कमी कर, सलग ठोके म्हणजे मूर्खा, थांब. मूर्खा हे त्याने आपल्या मनाने घातलेलं होतं, पण ते चुकीचं नसावं.

दूध तळाला लागू नये म्हणून पातेल्यात बशी घालायची असते, हे समजायलाच अर्धी सकाळ गेली. मेसबाई बशीकडे बघायच्या आणि तळवा पालथा करायच्या. त्याला वाटलं, बशीने झाकायचं. मग वाटलं, बशी बाजूला ठेवायची. अखेर उमगलं, की चिनीमातीची बशी पालथी घालून दुधाच्या तळाशी सोडायची. दूध उकळलं की ती खडखड नाचते आणि तळाचं दूध हलतं राहतं. बशीचा आवाज मंदावला की समजायचं, आता दाट झालं, बशी काढा आणि स्वतः उभे राहा. तिथून पुढे हात थांबवायचा नाही.

एकदा त्याने मास्तरणीचं ऐकलं नाही. ठोके पडत होते, थांब थांब, आणि हा म्हणत होता, "अहो आई, अजून पातळ आहे, बघा ना, पाण्यासारखं पळतंय." त्याने आणखी आटवलं, वर आणखी थोडं, आणि मोठ्या ऐटीत बरणीत भरलं. सकाळी बघतो तर बरणीत खोचलेला चमचा भिंतीतल्या खिळ्यासारखा उभा. ओढला तर बरणी उचलली गेली. त्याने बरणी उलटी केली, हलवली, चमच्याला लोंबकळत ठेवून सासूबाईंना दाखवली.

"निवल्यावर घट्ट होतं होय?"

मेसबाई हसल्या. तोंडाची एकच बाजू वर गेली, घशातून तो घोगरा आवाज आला, आणि या वेळी त्या दचकल्या नाहीत. खांदे हलेपर्यंत हसल्या. झटका आल्यापासून घरात पहिल्यांदा. रंगाऱ्याला आपल्या फजितीचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

ढवळण्याचं काम असं, की हात गुंततो आणि तोंड मोकळं राहतं. तो बोलू लागला. आधी रंगाबद्दल, कुठल्या भिंतीला ओल येते, कोणतं गिऱ्हाईक छळतं. मग इकडचं तिकडचं. मग कधीतरी, डाव दुधात गोल गोल फिरत असताना, तो काकांच्या घरी वाढला ते निघालं. आई-वडील लहानपणीच गेले. काकू वाईट नव्हती, पण घरात स्वतःचीच पोरं ढीगभर होती. हा आपला सगळ्यांचं झाल्यावर उभ्या उभ्या जेवायचा, कारण बसायला कोणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. "म्हणून तुमच्याकडे पाठ ताठ करून बसायचो," तो म्हणाला. "कुठं कसं बसायचं ते मला समजायचंच नाही."

त्याने मागं वळून बघितलं तर मेसबाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, की तो घाईने पुन्हा पातेल्याकडे वळला.

एका सकाळी जमलं. बशी काढून झाली होती, दुधाचा रंग ओल्या मातीवरून भाजलेल्या विटेवर आला होता, बुडबुडे जड होऊन पटकन फुटायचं विसरले होते. त्याने सवयीने डाव वर उचलला आणि धार बघितली. रंगात काडी बुडवून बघतात तशी. धार अखंड पडली, पृष्ठभागावर क्षणभर दोरीसारखी राहिली, मग विरली. मेसबाईंनी खुणेने एक गार बशी मागवली. तिच्यावर थेंब टाकला, त्याने थेंबातून बोट ओढलं. रेघ उघडीच राहिली, दोन्ही बाजू जवळ आल्या नाहीत. त्याने वर बघितलं. ठोका पडायच्या आधीच त्याने गॅस बंद केला होता, आणि मेसबाईंचा चमचा मांडीवर निवांत पडला होता.

गाळणीतून गाळली तेव्हा आरशासारखी चकाकली.

गिळताई आली. तिने आधी विचारपूस केली, रक्तातली साखर ठीक आहे ना, ती ठीक होती. मग चमचा भरला, तिरका केला. तपकिरी किंचित थांबली, आणि मग आपल्याच वजनाने सावकाश घसरली.

"हे कोणी केलं?" गिळताई म्हणाली. "मी पेशंटच्या घरच्यांना रोज समजावते, चमच्यावरून असं पडलं पाहिजे. इतकं नेमकं मलाही कधी जमलं नाही."

"यांनी केलं," रंगारी म्हणाला. "मी फक्त हात."

बायकोला त्या दिवशी दुपारची पाळी होती; ती कामाला निघालेली, किल्ल्या मुठीत धरून दारात खिळली होती. गिळताईने मेसबाईंची हनुवटी थोडी खाली करवली, अर्धा चमचा जिभेवर ठेवला आणि दोन बोटं हलकेच त्यांच्या घशावर टेकवली. मेसबाईंनी डोळे मिटले. जीभ आत हलली. बोटांखाली घसा वर उचलला गेला आणि खाली आला.

"गेलं," गिळताई कुजबुजली. "थांबा. आता 'आ' म्हणा बघू."

"आ..."

आवाज घोगरा होता, पण कोरडा होता, घशात काही साचलेलं नव्हतं. ठसका नाही, खरखर नाही.

दुसरा चमचा गिळताईने भरायच्या आत मेसबाईंनी डाव्या हाताने तिच्याकडून तो काढून घेतला.

बायको त्या दिवशी उशिरा डेपोत पोचली. साहेबाने कारण विचारलं तर म्हणाली, "आईने खाल्लं," आणि त्याच्यासमोरच रडली. साहेबाला काही समजलं नाही, पण त्याने शेरा मारला नाही.

अर्थात नुसत्या गोडावर माणूस जगत नाही, हे गिळताईने त्याच दिवशी सांगितलं. पण बंद दार उघडलं होतं. आज तपकिरीचे चमचे, उद्या तिच्या आधी दोन घास गाळलेल्या सूपचे, मग कुस्करलेला बटाटा, मग चक्क पावडरीचं पाणीसुद्धा. लहान मुलाला लाच द्यावी तशी तपकिरी शेवटी ठेवायची. मेसबाईंना ही लबाडी कळत होती. त्यांनीही आयुष्यभर हेच केलं होतं. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी वजन बघितलं, "नळीचं नंतर बघू," म्हणाले, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

रंगाऱ्याचं प्लास्टर निघालं. मेसबाईंची पावलं काठीच्या आधाराने पडू लागली. घशातल्या आवाजाला आकार येऊ लागला. एक दिवस गिळताईने विचारलं, "आता एक शब्द पक्का करू. कुठला हवा? तुम्हीच सांगा."

मेसबाईंनी डावा हात छातीवर ठेवला आणि मान झुकवली.

"आभार? कोणाचे, माझे?"

त्यांनी गिळताईचा गाल थोपटला, पण मान हलवली. कागद मागवला. डाव्या हाताने वेड्यावाकड्या रेघा मारल्या. एक खोका, खाली दोन गोळे, वर एक दिवा.

"गाडी?" रंगारी म्हणाला. "खेळण्यातली?"

बायको मात्र बघताक्षणी समजली. झटका आला त्या दिवशी ती धावतपळत आईच्या इमारतीत पोचली, तेव्हा रुग्णवाहिकेचा चालक मेसबाईंना घेऊन जिना उतरत होता. लिफ्ट बंद होती आणि त्या अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळत नव्हतं. त्याने त्यांना सरळ दोन्ही हातांवर उचललं होतं आणि सगळे मजले तो त्यांच्याशी बोलत होता. "मावशी, डोळे मिटायचे नाहीत हं. मावशी, हा बघा पुढचा मजला. इथं कोणाकडे काय तळतायत, सांगा बरं?" लेकीला वाटलं होतं, आईला त्यातलं काही आठवत नसेल.

म्हणून मग आभारी या शब्दाचा सराव सुरू झाला. एरवी जमणारा 'आ' शब्दाच्या सुरुवातीला मात्र घशातच अडायचा. पण मेसबाई हट्टाला पेटल्या. रंगारी भांडी घासताना, लेक बसचा गणवेश इस्त्री करताना, घरात सतत "...भारी, ...भारी" चालू असायचं.

त्या चालकासाठी तपकिरी रंगाऱ्याने एकट्याने केली. मेसबाई नेहमीसारख्या दारात बसल्या होत्या. चमचा त्यांनी मुद्दाम टेबलावर ठेवून दिला होता. सगळी सकाळ एकही ठोका पडला नाही.

लेकीची सुट्टी बघून तिघं दवाखान्याच्या मागच्या आवारात गेले. गाड्या ओळीने उभ्या होत्या. चालक एका गाडीच्या पायरीवर बसून पाव खात होता. धिप्पाड माणूस, बाह्या दुमडलेल्या. चौकशी करत करत हेच ते, अशी खात्री झाली. त्याला मात्र आठवेना.

"मावशी, राग मानू नका. रोज इतकी माणसं येतात..." मग तो एकदम थांबला. "लिफ्ट बंद! अरुंद जिना! तुम्ही माझ्या शर्टाचं बटण धरून ठेवलं होतंत. सुटेना हो तुमची मूठ. शेवटी बटणासकट आत गेलात तुम्ही."

मेसबाई काठी टेकत पुढे झाल्या. रंगाऱ्याने आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला. सरळ उभ्या राहिल्या. ओठ जुळवले. घसा वर-खाली झाला.

"भारी," त्या म्हणाल्या.

"आभारी म्हणतेय ती," लेक घाईने म्हणाली. "पहिलं अक्षर राहतं."

"राहू द्या हो, ताई!" चालक मोठ्याने हसला. "आभारी काय, कोणीही म्हणतं. भारी मला आजवर कोणी म्हटलं नाही." त्याने रंगाऱ्याने पुढे केलेली बरणी उघडली, हातातला पाव तिच्यात बुडवला आणि खाल्ला. मग म्हणाला, "तुम्हाला सांगू? आम्ही दवाखान्याच्या दारापर्यंत. त्याच्या आत काय झालं, माणूस राहिलं की गेलं, आम्हाला कोणी सांगत नाही. विचारायची हिंमतही होत नाही. इतक्या वर्षांत परत येऊन दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्या." त्याने डोळे शर्टाच्या बाहीला पुसले आणि पलीकडच्या गाडीतल्या सोबत्याला हाक मारली, "ए, इकडे ये! माझी मावशी आलीये बघ, आपल्या पायांनी!"

परतताना तिघं बसमध्ये बसले. गाडी बायकोच्या एका सहकाऱ्याची होती आणि ती पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला आपलाच पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत होती. मागच्या बाकावर रंगारी आणि मेसबाई. खिडकीतून ऊन येत होतं. मेसबाई दमल्या होत्या, पण चेहरा मऊ झाला होता.

रंगाऱ्याला काहीतरी म्हणायचं होतं. चालकाचं बोलणं ऐकल्यापासून ते घशाशी आलं होतं. पुढच्या आठवड्यात त्या हॉटेलचं काम सुरू होणार, मग सकाळची शाळा सुटणार.

"आई," तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही आलात, त्याआधी मला वाटायचं, पाय मोडला म्हणजे वर्ष वाया गेलं. पण... मला आजवर कोणी असं समोर बसवून काही शिकवलं नव्हतं. तुमच्या हातात चमचा नसता, तर मी... म्हणजे मी तुमचा फार..."

"गप," मेसबाई म्हणाल्या.

स्वच्छ, पूर्ण, दोन्ही अक्षरं जागच्या जागी.

बायको गर्रकन मागे वळली. "काय म्हणाली आई?"

"गप म्हणाल्या मला."

"कोणाला, जावयाला?" ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "आई, पुन्हा म्हण ना."

मेसबाईंनी नकारार्थी मान हलवली. डाव्या हाताने पिशवीतून तपकिरीची दुसरी, छोटी बरणी काढली, ती रंगाऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि बोटाने खूण केली, उघड. चमचा कोणीच आणला नव्हता. त्याने बोट बुडवलं. मग त्यांनीही बुडवलं. पुढच्या बाकावरून लेकीचा हात मागे आला. चालवणारा सहकारी आरशात बघून ओरडला, "गाडीत खायला मनाई आहे, मॅडम!" आणि पुढच्या थांब्यावर गाडी उभी करून त्यानेही हात मागे केला.